आयडेलाची भिंत

लायमन थेअरला बसलेलं पाहिलेला माणूस आमच्या वेस्ट हॅलममध्ये शोधूनही सापडला नसता. जेवण उभ्याने, कॉफी उभ्याने. रविवारी चर्चमध्ये सगळे बाकांवर बसलेले, आणि हा मागच्या भिंतीला पाठ लावून या पायावरून त्या पायावर. हिवाळ्यात गावच्या रस्त्यांवरचा बर्फ काढायची गाडी चालवायचा, तेवढीच काय ती त्याची बैठक, आणि तीही धावती. त्याची बायको व्हर्ना म्हणायची, "लोकांच्या पायाला भिंगरी असते गं रॉक्सी, याच्या पोटातच आहे." मी त्यांची शेजारीण. कोंबड्या पाळते, अंडी विकते, आणि नवरा गेल्यापासून तोंडावर बोलते. आधीही बोलायचेच, पण तेव्हा निदान एकजण तरी गप्प बस म्हणणारा होता.

लायमनच्या जिवाला खरी टोचणी लावली ती त्या घराने. टेकडीवरचं विटकॉमचं घर. अमेरिकेवर इंग्लंडच्या राजाचा अंमल होता तेव्हाचं, लाकडाचं, पुढून दोन मजली आणि मागे छप्पर उतरत उतरत पार कमरेपर्यंत आलेलं. घराच्या मधोमध दगडविटांचं एकच धुराडं. तळघरात ते गाईच्या गोठ्याएवढं रुंद आहे, आणि घरातल्या साऱ्या खोल्या थंडीत शेकायला बसल्यासारख्या त्याला पाठ लावून आहेत. पुढचं दार उघडलं की दोन पावलांत ते धुराडंच आडवं येतं. मग जिना त्याच्या अंगावरून वळसे घेत वर जातो, इतका अरुंद की शिडशिडीत माणसानेही पोट आत ओढून चढावं. खांब ओकचे, खाली बारीक आणि वर तुळईपाशी जाड. कुऱ्हाडीचे घाव अजून बोटांना लागतात. कुठे लोखंडी खिळा म्हणून नाही, सांध्यासांध्यात लाकडी खुंट्या ठोकलेल्या.

हे घर बांधलं कॅप्टन ओबेड विटकॉमने, १७५३ साली. पुढे त्याची वंशवेल खुंटली आणि घर गावाकडे आलं. गावाने त्याचं गरीबघर केलं. ज्यांना कोणी नाही अशी म्हातारी माणसं, पोरं पदरात असलेल्या विधवा, दारुडे, भोळसट, सगळे तिथे. गावाच्या खर्चाने खायचं, गावाच्या शेतात राबायचं. असा माणूस 'गावावर पडला' म्हणायचे आमच्याकडे, आणि म्हणताना आवाज खाली यायचा. ते गरीबघर बंद झालं, मग घरात रस्त्याचं मीठ आणि कुंपणाच्या जाळ्या पडून राहिल्या. शेवटी गावाने ते विकायला काढलं तेव्हा लायमनने घेतलं.

का घेतलं? आईसाठी. लायमन लहान असताना रविवारी सगळे गाडीतून फिरायला निघत. हे घर आलं की त्याची आई आयडेला म्हणायची, "जरा हळू घ्या." मग काच खाली करून बघत राहायची, वळण येईपर्यंत. का, ते सांगायची नाही. एरवी ही बाई एका जागी ठरायची नाही, लायमनची भिंगरी तिचीच. जेवतानाही तीनदा उठेल, आणि झोपायच्या खोलीचं दार कधी लावून घ्यायची नाही. पण या घरासमोर ती हलायची नाही. लायमनने मनाशी पक्कं केलं, आईचा जीव या घरात आहे. एक दिवस हे घर मूळ होतं तसं, कॅप्टन ओबेडच्या वेळचं करायचं आणि तिला इथे आणून ठेवायचं. बाप वारला तेव्हा त्याने आईला शब्दही दिला होता, "तुला कुठल्या वृद्धाश्रमात मरू देणार नाही." तिने मागून घेतला होता तो शब्द. तिला संस्था या गोष्टीचीच दहशत होती, नुसता दवाखाना म्हटलं तरी उठून जायची.

आता आमच्या गावची खोड सांगते. इथला माणूस पोरांची वयं विसरेल, पण घराचं साल विसरणार नाही. साल जितकं जुनं तितकी मान ताठ. गावच्या इतिहास मंडळाकडून दारावर पांढरी पाटी मिळते, त्यावर बांधणाऱ्याचं नाव आणि साल. मंडळाच्या प्रेंटिसबाई पाटी देण्याआधी घरभर नाक घेऊन फिरतात. त्यांनी लायमनला सांगितलं, "मिस्टर थेअर, घर अस्सल आहे, पण त्याच्यावर गरीबघराची पुटं चढलीयेत. ती काढा, पाटी आमच्याकडून."

लायमनला तेवढंच हवं होतं. तो सोलायला लागला.

पहिल्या वर्षी पुढचा ओटा गेला. दुसऱ्या वर्षी स्वयंपाकघरातली खोटी छतं आणि जमिनीवरची मेणकापडं. मग एक भिंत फोडल्यावर आत मोठी चूल निघाली, बाजूला भाकरीच्या भट्टीचं तोंड. त्या दिवशी तो माझ्या अंगणात धावत आला, केसांत शंभर वर्षांची काजळी. "रॉक्सी, चल! बैल भाजता येईल एवढी चूल आहे!"

"बैल कोण देतंय तुला? आणि व्हर्ना शिजवते कशावर सध्या?"

"तळघरात गॅसची शेगडी लावून दिलीये तिला."

"वा! बायको तळघरात आणि कॅप्टन ओबेड दिवाणखान्यात."

पण पालथ्या घड्यावर पाणी. त्याच्या लेखी त्या घरात फक्त कॅप्टन ओबेड राहून गेला होता. मधली सारी वर्षं म्हणजे घाण. असंच म्हणायचा तो, "ऐंशी वर्षांची घाण आहे, खरवडून काढली की झालं." माळ्यावर त्याला चार रुंद पाइनच्या फळ्या सापडल्या, हातभरापेक्षा रुंद. अशी झाडं तेव्हा राजाच्या जहाजांसाठी राखून ठेवलेली असायची, लोकांनी तोडायची नाहीत. ओबेडने तोडली आणि माळ्यावर लपवली. चोरीच्या त्या फळ्या लायमन येणाऱ्याजाणाऱ्याला देव दाखवावा तशा दाखवायचा.

सगळ्यात शेवटी त्याने वरची पूर्वेकडची खोली हातात घेतली. ती मोठी खोली गरीबघराच्या काळात उभ्या फळ्या मारून चार कोंडवाड्यांत वाटलेली होती. प्रत्येकात एक खाट मावेल, बस. एका दिवसात त्याने त्या भिंती पाडल्या आणि फळ्या अंगणात फेकल्या. हलक्या लाकडाच्या, काळपट, अगदी साध्या. जाळायच्या बेतात होता. मी म्हटलं, "मला दे, कोंबड्यांचं खुराडं मोडकळीला आलंय." त्याने हसत हसत माझ्या गाडीत भरून दिल्या. "घे, गरीबघराच्या फळ्या कोंबड्यांना शोभतील."

त्याच शरदात आयडेलाचं कमरेचं हाड मोडलं. भाड्याच्या घरात एकटीने राहणं संपलं. लायमन म्हणाला, बघ, वेळ कशी बरोबर जुळून आली. घर तयार, आई तयार.

तिला आणलं त्या दिवशी मी ॲपल पाय भाजून घेऊन गेले होते. लायमनने पुढचं दार सताड उघडलं होतं आणि स्वतः उंबऱ्यावर पोरासारखा नाचत होता. आयडेला काठीचा आधार घेत गाडीतून उतरली, दाराकडे पाहिलं आणि घराला वळसा घालून मागच्या दाराकडे चालू लागली.

"आई, इकडून! पुढून ये ना!"

"मागूनच बरं."

"अगं, पण पुढचं दार मी तुझ्यासाठी—"

"मागून म्हटलं ना, लायमन."

गेली मागूनच. मोठ्या चुलीसमोरून गेली, तिने नजरसुद्धा टाकली नाही. मागचा जिना ती चढू नये म्हणून मी आणि व्हर्ना हां हां म्हणत होतो, तरी एकेक पायरी चढली. वरच्या पूर्वेकडच्या खोलीच्या दारात थांबली. खोली मोकळी, लख्ख, तुळया उघड्या. धुराड्याची ऊब येते म्हणून इथेच लायमनने तिच्यासाठी पलंग घातला होता, पांढरी गोधडी अंथरलेली.

"फळ्या कुठे गेल्या?" तिने विचारलं.

लायमनने माझ्याकडे पाहिलं. "कसल्या फळ्या, आई? ही मूळ खोली. कॅप्टन ओबेडची."

"अस्सं," ती म्हणाली.

मला वाटलं, दमलीये. लायमनला वाटलं, आनंदाने बोलता येत नाहीये. पुरुषांना असलं काही वाटायला फार वेळ लागत नाही.

त्यानंतर आयडेलाने जे चालायला सुरुवात केली ते थांबेना. चाकांची चौकट हाताशी धरून दिवसभर या खोलीतून त्या खोलीत. धुराड्याभोवती सगळ्या खोल्या एकीतून दुसरीत उघडतात, त्यामुळे त्या घरात माणूस गोल गोल कितीही चालू शकतो. चालता चालता भिंतींवर तळवा टेकायची, क्षणभर थांबायची, मान तिरपी करायची, पुन्हा पुढे. पलंगावर निजवलं की उठायची. एकदा जिन्यावर घसरली, एकदा माळ्याच्या दारात. तिला तपासायला येणारी नर्स लायमनला बाजूला घेऊन म्हणाली, "तिसऱ्यांदा पडल्या तर मला त्यांना वृद्धाश्रमात हलवायला सांगावं लागेल. तुम्हाला झेपणार नाही हे."

लायमन त्या दिवशी माझ्या दाराशी आला. "शब्द दिलाय गं मी तिला. घरात काहीतरी राहिलंय अजून. कुठेतरी अजून गरीबघर उरलंय, तेच तिला खुपतंय. मागचा जिना नंतरचा आहे, तोसुद्धा काढतो."

"लायमन, जिना काढलास तर तुझी आई वर कशी जाईल?"

"पुढच्या जिन्याने."

"तिथून मांजरसुद्धा विचार करून जातं!"

तो ऐकेना. पण जिन्याला हात लागायच्या आधी आयडेलाच माझ्याकडे आली.

उतरण होती, थंडी होती, आणि ही बाई ती चौकट ढकलत एकटी खाली आलेली. "अंडी हवी होती," म्हणाली. व्हर्नाने आदल्याच दिवशी टोपलीभर नेली होती. ताकाला येऊन भांडं लपवणारी माणसं मला लगेच कळतात. मी आतून पिशवी आणायला गेले. परत येते तर आयडेला नाही. चौकट खुराड्याच्या दाराशी उभी, आणि आत कोंबड्यांचा कल्ला.

वाकून आत पाहिलं. ती मागच्या भिंतीला खांदा टेकून उभी होती. एका फळीत लाकडाची गाठ निखळून पडलेलं भोक होतं, त्याच्याशेजारी तिचा तळवा. तिथलं लाकूड गुळगुळीत होतं. मी ते आधी पाहिलं होतं, आणि खाटेने घासलं असेल म्हणून सोडून दिलं होतं.

"आयडेला, अगं, घसरशील. चल बाहेर."

"ही माझी बाजू," ती म्हणाली. "पलीकडे आई असायची."

मला कळायला वेळ लागला. मग तिने सांगितलं, कोंबड्यांच्या घाणीत उभं राहून, अंड्यांचा भाव सांगावा तितक्या सपाट आवाजात. बाप लाकूड तोडताना गेला तेव्हा ती चार वर्षांची होती. आई आणि ती गावावर पडल्या. आईच्या छातीत रोग होता, म्हणून पोरीला शेजारच्या कोंडवाड्यात वेगळं ठेवलं. पलीकडे जायची परवानगी नव्हती. मग दोघींनी ठरवलं. सकाळी उठलं की पोरीने फळीवर दोनदा टकटक करायचं. आईने उलट दोनदा. म्हणजे दोघी आहेत.

"मी नऊ वर्षांची होते. एका सकाळी टकटक केली. पलीकडून नाही आली. पुन्हा केली. करतच राहिले. हात सोलला. मला वाटलं, ऐकू गेली नसेल. देखरेखीची बाई आली, तिने माझा हात धरून बाजूला ओढलं. त्या बाजूला जाऊ दिलं नाही. खाली नेलं, दुपारी गुडेल लोकांच्या गाडीत बसवलं. त्यांनी वाढवलं, त्यांचंच नाव लावलं."

"आणि लायमनला?"

"त्याला काय सांगायचं? तुझी आई गावावर पडलेली पोर आहे?" ती पहिल्यांदाच चिडली. "थेअरांनी सून करून घेतली असती मला? झाकली मूठ सव्वा लाखाची, रॉक्सी. गाडीतून जाताना भिंत तरी असेल आत, एवढंच वाटायचं. आता वाटतं अजून ऐकायचं राहिलंय. कुठल्या भिंतीशी उभं राहू? त्याने सगळ्या काढल्या."

मला रडू आलं. मी लपवलं नाही. तिने माझ्या खांद्यावर थोपटलं, वर आणि म्हणाली, "त्याला बोलू नकोस हं."

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. तिला घरी पोचवलं आणि तिथेच सरळ लायमनला गाठलं. तो मागच्या जिन्यापाशी पहार घेऊन उभा होता. आमच्या गावात असल्या गोष्टी माणसाबरोबर थडग्यात जातात, आणि लोक त्याला अब्रू म्हणतात. मला ती अब्रू त्या दिवशी नको होती. मी सगळं सांगितलं.

"खोटं आहे," तो म्हणाला. "माझी आई गुडेलांची."

"गुडेलांनी वाढवलेली."

"तू काहीतरी ऐकलंस आणि—"

"जाऊन खुराड्यातली फळी बघ, गाढवा. तळहाताची जागा झिजलीये तिच्यावर. आणि ती मागच्या दाराने का आली ते आठव."

त्याच्या हातातली पहार जमिनीला टेकली. पार कानापर्यंत लाल झाला. मग इतक्या हळू बोलला की मला पुढे वाकावं लागलं. "मी घाण म्हणालो. तिच्यासमोर. कितीदा म्हणालो."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या अंगणात हजर, गाडीत माळ्यावरच्या त्या चार रुंद फळ्या. राजाच्या.

"या घे. माझ्या दे."

"अरे, या कोंबड्यांना? प्रेंटिसबाईंना झटका येईल!"

"येऊ दे."

आजही माझ्या कोंबड्या इंग्लंडच्या राजाच्या फळ्यांआड झोपतात. अंडी तेवढीच देतात.

लायमनने त्या काळ्या फळ्या घासल्या, पण जास्त नाही. वरच्या खोलीत जमिनीवर जुन्या खिळ्यांची भोकं होतीच. भोकावर भोक जुळवत त्याने धुराड्याला लागून असलेले दोन कोंडवाडे परत उभे केले. आयडेला दारात खुर्ची घेऊन बघत होती. "जरा डावीकडे," ती एवढंच म्हणाली, आणि त्याने फळी जरा डावीकडे केली. तिचा पलंग तिच्या बाजूला लागला. त्यानंतर तिचं चालणं ओसरत गेलं. चौकट बरेचदा भिंतीशी उभीच असायची. नर्स आली, बघून गेली, वृद्धाश्रमाचं नाव काढलं नाही.

प्रेंटिसबाई पाटीसाठी शेवटची पाहणी करायला आल्या तेव्हा मी तिथेच होते. दम खात वर चढल्या आणि भिंत पाहून जागीच थबकल्या. "मिस्टर थेअर! हे सतराशे त्रेपन्नचं नाही."

लायमन तोंड उघडणार तोच आतून आयडेलाचा आवाज आला, "नाहीच आहे. ही माझी भिंत. आणि आत यायचं असेल तर आधी टकटक करा."

पाटी मिळाली नाही. लायमनने चौकशीही केली नाही.

रोज सकाळी कामावर जायच्या आधी तो पलीकडच्या कोंडवाड्यात जायचा. तिथे त्याने एक स्टूल ठेवलं होतं, त्यावर तो बसायचा. व्हर्नाने मला हे सांगितलं तेव्हा मी विश्वास ठेवला नाही, स्वतः जाऊन पाहिलं. लांबलचक माणूस, गुडघे हनुवटीला लागलेले. अलीकडून दोन टकटका यायच्या. तो पलीकडून दोन द्यायचा. मग आयडेला म्हणायची, "जा आता, बर्फ साठेल." ही म्हातारी त्या हिवाळ्यात दुपारीही गाढ झोपायची. इतकी वर्षं जागी होती ना.

मार्चमध्ये, मेपलच्या झाडांचा रस काढून पाक उकळायच्या दिवसांत, व्हर्नाने मला बोलावून घेतलं. त्या सकाळी लायमन स्टुलावर बसून वाट बघत राहिला होता. अलीकडून काही आलं नाही. मग त्यानेच दोनदा टकटक केली. थांबला. पुन्हा केली नाही. उठला आणि भिंतीला वळसा घालून या बाजूला आला.

मी वर गेले तेव्हा तो पलंगाच्या कडेला बसला होता, तिचा हात हातात घेऊन. मी आले, नर्स आली, न्यायला माणसं आली. तो उठला नाही.